आगमनाची वक्ररेषा

विद्युत्संदेश तारेच्या दुसऱ्या टोकास पोहोचला म्हणजे कार्य सिद्धीस गेले, अशी तारविद्येतील बहुतेकांची धारणा असताना, पोहोचेपर्यंत कालाच्या ओघात त्याचे रूप काय होते, या मूलगामी प्रश्नाचा ग्लासगोच्या विल्यम टॉमसनने १८५४ साली गणिताने उलगडा केला. गटापर्चाने मढविलेली समुद्रतळीची तार आपल्या अंगी विद्युद्भार साठवून धरीत असल्यामुळे, या टोकाला बॅटरी एकाएकी जोडली तरी त्या टोकाला प्रवाह एकाएकी प्रकट होत नाही. तो आरंभी नगण्य असतो, मग चढू लागतो, आणि बऱ्याच विलंबाने पूर्ण मूल्यास पोहोचतो. हीच आगमनाची वक्ररेषा. तारेची लांबी दुप्पट केली की तिचा विलंब चौपट होतो. आज एखाद्या प्रवर्धकास आकस्मिक विद्युद्दाब देऊन त्याचे उत्तर ऑसिलोस्कोपवर निरखणारा अभियंता याच रेषेची परीक्षा घेत असतो.

अटलांटिक महासागरात तार टाकणाऱ्या कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस, जो पेशाने शल्यवैद्य होता, त्याने हा वर्गनियम कबूल केला नाही. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड व न्यूफाउंडलंड समुद्री तारेने जोडले गेले, परंतु राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा खलिता पलीकडे जाण्यास सुमारे १६ तास लागले. आणि चिन्हांचे मांद्य बळाने दूर होईल या समजुतीने त्याने सुमारे २,००० व्होल्टचा दाब त्या तारेवर लादला. काही आठवड्यांतच ती मूक झाली. तत्पूर्वी, आपल्याकडील १८५७ चा उठाव मोडत आल्यामुळे, कॅनडातील दोन पलटणींचे प्रस्थान रद्द करणारा हुकूम तिने पोहोचविला होता, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

तार घाईने बनविलेली व मुळातच सदोष असल्यामुळे सारे खापर व्हाइटहाउसच्या माथी फोडणे न्यायाचे नव्हे. तथापि जेथे काल मोजावयाचा तेथे तो बळ वाढवीत बसला, हा त्याचा प्रमाद खराच. टॉमसनच्या आरसा-गॅल्व्हनोमापकाचे मर्म असे की, चिमुकल्या आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशबिंदू वक्ररेषेची पहिली चढणच टिपतो, पूर्ण प्रवाहाची वाट पाहत नाही. सरकार व कंपनी यांच्या संयुक्त समितीने या अपयशाची कसून चौकशी केली, १८६१ मध्ये अहवाल दिला, आणि १८६६ साली यशस्वी झालेल्या तारेत तांब्याचे वजन पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट ठेवण्यात आले. ती अंथरणाऱ्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानेच १८७० साली मुंबईहून एडनपर्यंतची तार समुद्रात सोडली.