चौकटीमागून चौकट: वाटाण्याच्या रोपापासून लिनक्सपर्यंत

स्थिर छायाचित्रांची मालिका ठरावीक वेगाने डोळ्यांपुढून गेली की त्यांतील वस्तू हलल्याचा भास होतो, या तत्त्वावर सगळा चित्रपट उभा आहे. मात्र प्रत्येक चौकटीनंतर कॅमेरा थांबवला, वस्तू हाताने किंचित सरकवली आणि मग पुढची चौकट टिपली, तर निर्जीव वस्तूही पडद्यावर चालू लागते. या तंत्राला स्टॉप-मोशन म्हणतात, आणि सरकवण्याचे काम हाताऐवजी निसर्गावर सोपवले की त्यालाच टाइम-लॅप्स असे नाव मिळते. महाराष्ट्रात या तंत्राचा वापर दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्याही आधी झाला, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात हवी तेवढी ठळकपणे मांडली जात नाही.

1912 साली लंडनमध्ये विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी करून परतलेल्या फाळके यांनी भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. रोज एक चौकट, असे महिनाभर चित्रण करून मिनिटभराचा पट तयार झाला, असे सांगितले जाते. परंतु त्या काळी चित्रपट सेकंदाला साधारण 16 चौकटींच्या वेगाने दाखवले जात, आणि त्या हिशेबाने 30 चौकटी जेमतेम दोन सेकंदांत संपतात, तर मिनिटभरासाठी सुमारे 960 चौकटी लागतात. म्हणजे पट खरोखर मिनिटभराचा असेल, तर दिवसाला तीसेक चौकटी घेतल्या गेल्या असल्या पाहिजेत, आणि असे मानले तर त्या कामाचे मोल कमी न होता उलट वाढतेच. पुढे घरातच चित्रपटनिर्मिती सुरू झाल्यावर कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके करीत, आणि त्यांच्या या श्रमांची नोंद घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

एमिल कोल या फ्रेंच कलावंताने 1908 साली आगकाड्या नाचवणारा पट काढला होता. फाळक्यांनी 1915 साली, पहिल्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई असताना, 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट करून तोच मार्ग धरला. नटसंच नको, देखावे नकोत, पण फिल्म मात्र हवीच, आणि चौकट चुकली की तेवढी फिल्म वाया जाई. तंत्र सोपे होते; महाग होते ते साहित्य, आणि ही अडचण पुढे कित्येक दशके कायम राहिली.

ती अडचण डिजिटल कॅमेऱ्याने आणि त्याच्या जोडीला मुक्त सॉफ्टवेअरने, म्हणजे कोणालाही वापरता, तपासता, बदलता व वाटता येईल अशा सॉफ्टवेअरने दूर केली. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने 2000 साली सुरू केलेले एफएफएमपेग हे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर विनामूल्य चालणारे साधन ओळीने क्रमांक दिलेल्या छायाचित्रांना एकाच आज्ञेने व्हिडिओचे रूप देते. त्याला वेग सांगावा लागतो, कारण सांगितला नाही तर ते सेकंदाला 25 चित्रे धरते आणि हाताने सरकवलेली बाहुली धावत सुटते. सेकंदाला 12 चित्रे ठेवली तर मिनिटाला 720 छायाचित्रे पुरतात. क्रमांक 0001, 0002 असे सलग असावे लागतात, कारण मधले एखादे छायाचित्र पुसले गेले असेल तर व्हिडिओ तिथेच संपतो. नॉर्वेत शाळांसाठीच्या लिनक्स प्रकल्पाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या 'स्टॉपमोशन' या प्रणालीत आधीची चौकट नव्या दृश्यावर पुसट दिसत राहते, त्यामुळे वस्तू किती सरकली हे चित्र टिपण्यापूर्वीच कळते. फाळक्यांना मात्र फिल्म धुऊन होईपर्यंत केवळ अंदाजावरच विसंबावे लागे.

'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही. म्हणून आज स्टॉप-मोशन करणाऱ्यांनी व्हिडिओ तयार झाला की मूळ छायाचित्रे पुसून टाकू नयेत. ती क्रमवार जपून ठेवावीत, म्हणजे त्यांतून तोच पट पुन्हा, आणि कदाचित अधिक चांगला, तयार करता येईल.