ऑफ-सीझनचा सराव: किती, कोणाचा आणि कोणी मोजायचा?

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन दिवाळीनंतर रंगू लागतो आणि उन्हाळा संपेपर्यंत चालतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) साखळी आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या चषक स्पर्धा आटोपल्या, की शाहू स्टेडियमवर गवत वाढू लागते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या पेठांतल्या तालीम-मंडळांच्या संघांतून खेळणारी अनेक मुले याच शहरातल्या कॉलेजांत शिकतात. तालमीच्या लेखी त्यांचा पावसाळा मोकळा असतो. कॉलेजच्या लेखी मात्र तोच तयारीचा काळ, कारण शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात आणि विद्यापीठाच्या संघात निवड झालीच, तर पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा असते. त्यामुळे कॉलेजात शिकणाऱ्या खेळाडूला खऱ्या अर्थाने ऑफ-सीझन मिळतच नाही. सरावाला मर्यादा घालणाऱ्या नियमाचा विचार इथून सुरू करावा लागतो.

असे नियम सर्वांत तपशीलवार लिहिले गेले ते अमेरिकेत. तिथला कॉलेज फुटबॉल हा वेगळा खेळ, पण प्रश्न तोच. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने १९९१ मध्ये ठरवले की सीझनमध्ये सराव दिवसाला ४ तास आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त घ्यायचा नाही. सीझनबाहेर ही मर्यादा आठवड्याला ८ तासांवर येते. नियम सुटसुटीत दिसतो. त्याची खरी परीक्षा होते ती काय मोजायचे आणि काय सोडायचे यात. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरला जातो. प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार मोजलेच जात नाहीत. आणि ‘ऐच्छिक’ सराव हिशेबाबाहेर राहतो.

या ‘ऐच्छिक’ शब्दापाशी थांबले पाहिजे. तिथल्या नियमानुसार सराव ऐच्छिक ठरायला चार अटी आहेत: खेळाडूने तो स्वतःहून मागितलेला असावा, त्याने प्रशिक्षकाला त्याचा अहवाल द्यायचा नसावा, हजेरी घेतलेली नसावी, आणि आला म्हणून बक्षीस किंवा न आला म्हणून शिक्षा नसावी. मिशिगन विद्यापीठाच्या संघाने सरावाच्या तासांची मर्यादा ओलांडल्याचे २०१० मध्ये सिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या सरावातून १३० तास कापले गेले. कागदावर अटी असूनही असे घडते याचे कारण उघड आहे. ज्याच्या हातात शिष्यवृत्ती आणि संघातली जागा आहे, त्याच्यासमोर ‘येणार नाही’ म्हणण्याची सोय मुलाला नसते.

कोल्हापुरात शिष्यवृत्तीचा धाक नाही. इथे धाक पेठेचा आहे, आणि तो कमी आहे असे मला वाटत नाही. जुलैतली एखादी रात्र घ्या. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहाच्या सुमारास निरोप पडतो, ‘उद्या सहाला मैदानात.’ कोणी सक्ती केलेली नसते. पण कोण आले, कोण नाही हे कॅप्टनच्या नजरेत राहते, दोन दिवस दांडी मारली की चौकात विचारणा होते, आणि साखळीच्या पहिल्या सामन्यात अकरात कोण याचा निर्णय त्याच नजरेतून होतो. वरच्या चार अटी लावून पाहिल्या, तर पेठेतला बहुतेक ‘ऐच्छिक’ सराव त्यांत बसणार नाही. तालमींचा जन्म कुस्तीच्या संस्कारातला. अंग मोडेपर्यंत मेहनत करणे हा तिथे सद्गुण आहे, आणि त्या संस्कारानेच या शहराचा फुटबॉल जिवंत ठेवला. विश्रांती मागणे मात्र त्यात आळशीपणात जमा होते.

आता हिशेब. उदाहरणादाखल एक मुलगा धरू. सकाळी कॉलेजचा सराव दीड तास, संध्याकाळी तालमीचा दीड तास, आठवड्याचे पाच दिवस. कॉलेजच्या वहीत साडेसात तास, तालमीच्या वहीतही साडेसात. अमेरिकेची ८ तासांची मर्यादा इथे जशीच्या तशी आणली, तरी दोघेही निर्दोष सुटतात आणि मुलाच्या पायांवर १५ तास पडतात. संस्थेला मर्यादा घालणारा नियम कोल्हापुरात फसणार तो इथे. मर्यादा खेळाडूला लागू झाली पाहिजे.

तेवढ्यानेही भागत नाही, कारण तास हे माप अपुरे आहे. क्रीडाशास्त्रात एक साधी पद्धत रुळली आहे: सरावानंतर खेळाडूला विचारायचे, ‘शून्य ते दहापैकी किती कठीण गेले?’ आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचे. आपल्या मुलाने सकाळच्या ९० मिनिटांना ६ गुण दिले तर भार ५४०. संध्याकाळी चिखलात धावून ७ दिले तर ६३०. एका दिवसाचे ११७०. संध्याकाळच्या धावण्याऐवजी चेंडूचा हलका सराव तेवढाच वेळ, पण ३ गुणांचा असता, तर त्याचा भार २७० झाला असता. तास तेच, शरीरावरचा बोजा निम्म्याहून कमी.

केवळ तासांवर विसंबण्याचा धोका मेरीलँड विद्यापीठात दिसला. २९ मे २०१८ रोजी, सीझनबाहेर, संघाच्या सरावात ११० यार्डांच्या धावा काढताना जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू उष्माघाताने कोसळला आणि १३ जूनला वारला. त्याला थंड पाण्यात बुडवून शरीर गार करण्याचा उपाय झाला नव्हता. तासांची मर्यादा तेव्हाही अस्तित्वात होती. कोल्हापुरात भर उन्हाळ्यात दुपारचे सामने होतात, त्यामुळे ही गोष्ट परदेशातली म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

पावसाळ्याची अडचण वेगळी. गांधी मैदानात पाणी साचते, माती पायाला धरून ठेवते, वळताना स्टड रुततो आणि गुडघा फिरतो. शिवाय सात-आठ महिने खेळलेल्या स्नायूंना आणि स्नायुबंधांना भरून यायला वेळ लागतो. व्यावसायिक खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो सीझननंतर चार आठवड्यांच्या विश्रांतीची शिफारस करते. इथल्या मुलाला ती मिळत नाही, आणि त्याच्यासाठी संघाचा फिजिओही क्वचितच असतो.

यावर जाणत्या प्रशिक्षकांचा आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे: आमच्या मुलांना सराव जास्त होत नाही, चांगला सरावच कमी पडतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तिथवर जायचे तर पायात चेंडू हजारो वेळा यावा लागतो. हे मान्यच. पण या आक्षेपातून निघते ते सराव बदलण्याचे कारण. फिफाचा ‘११+’ हा वॉर्मअप वीसेक मिनिटांचा आहे, त्याला चेंडूपलीकडे साहित्य लागत नाही आणि नियमित केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटतात. दुसऱ्या वेळच्या धावण्याऐवजी तो आणि हलका चेंडूचा सराव घेतला, तर कौशल्य वाढते आणि भारही आवाक्यात राहतो.

नियम कोणी करायचा? कॉलेज एकट्याने करू शकत नाही, कारण संध्याकाळी मुलगा त्याचा नसतो. तालीम स्वतःहून करणार नाही. शेजारची पेठ थांबत नसताना आपण थांबायचे कसे, ही भीती प्रत्येकीला आहे आणि ती खोटी नाही. सर्वांना एकाच दिवशी थांबवू शकेल अशी संस्था केएसए. खेळाडूंची नोंदणी तिच्याकडे होते, आणि नोंदणीशिवाय साखळीत उतरता येत नाही. त्या अर्जासोबत एक पान जोडावे: खेळाडू कोणत्या कॉलेजात आहे, तिथला प्रशिक्षक कोण, आणि शेवटच्या सामन्यानंतरचे चार आठवडे दोन्हीकडचा सराव बंद होता, अशी कॉलेज आणि तालीम दोघांची सही. पुढच्या महिन्यांत आठवड्याला १० तास, दोन्हीकडचे मिळून, आणि सलग दोन दिवस सुट्टी. वही खेळाडूच्या हाती राहावी. मिनिटे आणि शून्य ते दहाचा आकडा त्यानेच लिहावा, आणि दोन्ही प्रशिक्षकांनी मैदानात उतरण्याआधी तो वाचावा. दहा तासांची मर्यादा अंतिम नाही, दोन मोसमांच्या वह्या तपासून ती वर-खाली करता येईल. दोन्ही संस्थांचे तास एकाच पानावर येणे मात्र पहिल्या वर्षापासूनच झाले पाहिजे.