तांब्याचा गुण, कल्हईचे शहाणपण

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातील कासारी बाजाराच्या नावात तांब्यापितळेची भांडी विकणाऱ्या कासारांची आठवण आहे. स्टीलने माळ्यावर घालवलेला तांब्याचा हंडा आता आरोग्याच्या नावाने पुन्हा स्वयंपाकघरात येतो आहे. त्याच्यासोबत तो वापरण्याची जुनी रीतही यायला हवी.

तांबे स्पर्शाला येणाऱ्या पदार्थात थोडे थोडे उतरते. त्याचा गुण आणि दोष दोन्ही यातच आहेत. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दूषित पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले, तेव्हा पटकी आणि हगवणीचे जंतू त्यात उरले नाहीत. उतरलेले तांबेही जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ आत होते.

भट्टीवाल्यांनाही तांबे हवे असते. गोव्यात काजूची फेणी गाळण्यासाठी तांब्याचे भाण वापरतात. आंबलेल्या रसाच्या वाफेतली गंधकाची संयुगे तांबे धरून ठेवते आणि दारूचा उग्र दर्प कमी होतो.

दुधाची गोष्ट मात्र निराळी. एके काळी आपल्याकडे लहान मुले यकृताच्या एका असाध्य विकाराने दगावत. पुण्यातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी अशा मुलांच्या आहाराची चौकशी केली. फार लवकर सुरू केलेले वरचे दूध आणि ते तापवण्या-साठवण्याची बिनकल्हईची तांब्यापितळेची भांडी यांच्याकडे त्यांनी १९८३ मध्ये बोट दाखवले. दुधातले केसीन हे प्रथिन तांबे ओढून घेते. पुढे भांडी बदलली आणि हा आजार दुर्मीळ झाला.

आपल्या आज्या केसीनचे नाव जाणत नव्हत्या. पण बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून दारावर कल्हईवाला आला की भांडी बाहेर निघत. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून तो कथील फिरवी आणि तांबे व अन्न यांच्यामध्ये पांढरा पडदा उभा राही.

तेव्हा तांब्यात रात्री साधे पाणी जरूर ठेवा. लिंबूपाणी, ताक, चिंचेचे सार आणि बाळाचे दूध मात्र त्यात ठेवू नका. हिरवट डाग दिसले, तर भांडे चिंचेने घासून स्वच्छ धुवा आणि मगच पाणी भरा.