फुटबॉलच्या संघाचा धनी कोण?

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी इ. स. १८८५ च्या सुमारास बारामती व इंदापूर या तालुक्यांकडे वाहूं लागलें, आणि त्या पाण्याच्या आधारानें पुढील काळांत मालकीच्या दोन निरनिराळ्या तऱ्हा तेथें नांदल्या. एकीचें उदाहरण वालचंदनगर. शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबच्या परिसरांत उंसाची मोठी शेती उभारली, १९३० नंतरच्या दशकांत साखरेचा कारखाना काढला, आणि त्याच्याभोंवतीं शाळा, रस्ते व घरें यांचें एक आखीव गांव वसविलें. कोणतें यंत्र आणावयाचें आणि नफा कोठें गुंतवावयाचा, हें ठरविणारा हात तेथें एक होता. दुसऱ्या तऱ्हेचीं उदाहरणें म्हणजे बारामती तालुक्यांतील माळेगांव आणि इंदापूर तालुक्यांतील भवानीनगर. १९५० नंतरच्या दशकांत येथें जे सहकारी कारखाने निघाले, त्यांत ऊंस घालणारा शेतकरी हाच भागीदार. त्याचे भाग दोन असोत कीं दोनशें, सभेंत त्याचें मत एकच.

म्हणून या भागांतील शेतकरी कुटुंबास मालकीचा एक मूलभूत प्रश्न शिकवावा लागत नाहीं: ज्याच्या घामावर संस्था चालते तो आणि जो तिचा धनी तो, हे दोघे एकच आहेत कीं वेगळे? परंतु हाच प्रश्न फुटबॉलच्या संघाविषयीं विचारला, तर चांगला सुशिक्षित मनुष्यहि घोटाळतो. प्रेक्षक म्हणतो, ‘आमचा संघ’. वृत्तपत्र म्हणतें, ‘पुण्याचा संघ’. मग एके दिवशीं बातमी येते कीं संघ बंद झाला. आणि तेव्हां कोठें कळतें कीं ‘आमचा’ व ‘पुण्याचा’ हे शब्द हिशेबाच्या वहींत कधीं नव्हतेच. मुंबई-पुण्याच्या फुटबॉलचा गेल्या कांहीं वर्षांतील इतिहास हा बहुतांशीं या एका गैरसमजाचा इतिहास आहे.

प्रथम फुटबॉलच्या संघाची मालमत्ता म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. साखर कारखान्याची मालमत्ता डोळ्यांना दिसते: जमीन, चरक, बॉयलर, गोदाम. कारखाना बुडाला तरी या वस्तु उठून दुसऱ्या गांवीं जात नाहींत. संघाजवळ मात्र पांच प्रकारची मत्ता असते. पहिली मैदान, दुसरी खेळाडूंशीं केलेले करार, तिसरी वरच्या स्पर्धेंत खेळण्याचा हक्क, चौथी मुलांना खेळ शिकविणारी शाळा, आणि पांचवी नांव व रंग. यांपैकीं पहिल्या चारांना बाजारांत किंमत आहे. पांचवीला स्वतंत्र अशी किंमत नाहीं, पण तिच्यावांचून बाकीच्यांची किंमत उभी राहत नाहीं. कारण लोक मैदानावर जातात ते नांवासाठीं आणि रंगासाठीं. गंमत अशी कीं ही पांचवी मत्ता निर्माण करणारा प्रेक्षक असतो आणि तिचा कायदेशीर धनी मात्र दुसराच असतो.

इंग्लंडांत हा पेंच फार पूर्वींच उत्पन्न झाला. तेथील संघ आरंभीं चर्चच्या, शाळांच्या व गिरण्यांच्या आश्रयानें निघाले. मैदान घेण्यास आणि पगारी खेळाडू ठेवण्यास पैसा लागूं लागला, तेव्हां त्यांनीं मर्यादित कंपन्यांचें रूप घेतलें. यांतील धोका ओळखून तेथील फुटबॉल असोसिएशननें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्बंध घातले: भागधारकांना लाभांश ठराविक मर्यादेपर्यंतच मिळावा, संचालकांनीं मोबदला घेऊं नये, आणि संघ मोडलाच तर देणीं भागवून उरलेला पैसा भागधारकांनीं वांटून न घेतां दुसऱ्या क्रीडासंस्थेस किंवा धर्मादायास द्यावा. संघ ही वस्तु कंपनीच्या सांच्यांत बसविली तरी ती नफ्यासाठीं नाहीं, हा त्या निर्बंधांचा अर्थ.

या निर्बंधांना पुढें वाटा फुटल्या. १९८३ सालीं लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर संघानें वर एक धारक-कंपनी स्थापून तिचे भाग शेअरबाजारांत विकले. नियम संघाला लागू होता, धारक-कंपनीला नव्हता. ब्रायटनच्या संघाचें गोल्डस्टोन हें मैदान १९०२ पासूनचें. १९९५ सालीं चालकांनीं तें कर्जापायीं इमारती बांधणाऱ्यांस विकलें. त्यापूर्वीं संघाच्या घटनेंतून नफा वांटून घेण्यास मनाई करणारें कलम हळूच गळालें होतें, हें लोकांच्या मागाहून लक्षांत आलें. १९९७ सालीं तेथें शेवटचा सामना झाला आणि संघ दोन वर्षें दुसऱ्याच्या गांवीं खेळला. विम्बल्डन संघाची कथा याहून चमत्कारिक आहे. १८८९ सालीं स्थापन झालेला आणि १९८८ सालीं एफ. ए. कप जिंकलेला हा संघ मालकांनीं २००३ सालीं लंडनबाहेर मिल्टन कीन्स या नव्या शहरीं नेला. पण त्याच्या आदल्याच वर्षीं, परवानगी मिळतांच, प्रेक्षकांनीं एकत्र येऊन आपला नवा संघ काढला होता. तळच्या स्थानिक स्पर्धांतून तो वर चढत २०११ सालीं राष्ट्रीय लीगमध्यें पोंचला. मालकानें हक्क नेला; लोकांनीं नांव राखलें.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईंत रोव्हर्स कप ही स्पर्धा १८९१ सालापासून चाले, आणि तेथील पुष्कळसे संघ गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे व कंपन्यांचे असत. खेळाडूला कंपनींत नोकरी मिळे. संघ हा कंपनीच्या कल्याणकार्याचा एक भाग असे. याच परंपरेंत १९६२ सालीं महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ निघाला. पुढें त्याचें नांव महिंद्र युनायटेड झालें. त्यानें १९९८, २००१ व २००८ या सालीं ड्युरँड कप जिंकला आणि २००५-०६ च्या हंगामांत राष्ट्रीय लीगहि जिंकली. एवढा पराक्रम झाल्यावर २०१० च्या मार्च महिन्यांत कंपनीनें जाहीर केलें कीं चालू हंगामानंतर संघ राहणार नाहीं. यापुढें तिचा पैसा शाळकरी मुलांच्या फुटबॉलसाठीं खर्च होईल. निर्णय कायदेशीर होता आणि हेतूहि वाईट नव्हता. परंतु अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका ठरावानें संपला. कूपरेजचें मैदान त्याचें नव्हतें. खेळाडू इतर संघांत पांगले. नांव कंपनीचें, तें कंपनीकडे परत गेलें. मागें उरलें काय, असें विचारलें तर उत्तर करंडक एवढेंच येतें.

पुण्याचा अनुभव तर एकापाठोपाठ एक अशा चार पतनांचा आहे. २००७ सालीं अशोक पिरामल उद्योगसमूहानें पुणें फुटबॉल क्लब स्थापिला. हा संघ आय-लीगमध्यें २००९-१० च्या हंगामांत तिसरा आणि २०१२-१३ मध्यें दुसरा आला. त्यानें मुलांसाठीं जी शिक्षणशाळा काढली, ती देशांतील उत्तम शाळांमध्यें गणली जाई. २०१५ सालीं मालकांनीं संघ विकावयास काढला, गिऱ्हाईक मिळालें नाहीं, आणि थोरला संघ बंद झाला. त्याच सालीं कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. एक हंगाम खेळून, शेवटचा क्रमांक मिळवून, अंतर्धान पावला. तिसरा शिवाजीयन्स. हा मूळचा १९८७ सालचा स्थानिक क्लब, डी. एस. कुलकर्णी समूहाच्या आश्रयानें तो २०१५-१६ मध्यें आय-लीगमध्यें शिरला आणि दोन हंगामांनंतर बाहेर पडला.

चौथा एफ. सी. पुणें सिटी. २०१४ सालीं सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील हा संघ वाधवान समूहाच्या मालकीचा होता. पुणें फुटबॉल क्लबची शिक्षणशाळा पुढें याच संघाकडे गेली. २०१७-१८ च्या हंगामांत तो उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. पुढें समूहाची गृहकर्जें देणारी कंपनी संकटांत सांपडली आणि २०१९ सालीं संघाचा कारभार आटोपला. ज्या पेढीचा फुटबॉलशीं कांहीं संबंध नाहीं, तिच्या कर्जरोख्यांचा भाव उतरला म्हणून बालेवाडीच्या मैदानावरील गोल बंद झाले!

त्यानंतर जें घडलें तें अधिक बोधप्रद आहे. लीगमधील पुण्याची रिकामी जागा त्याच वर्षीं हैदराबादच्या नव्या मालकांस मिळाली आणि पुण्याच्या अनेक खेळाडूंचे करारहि तिकडे गेले. २०२१-२२ मध्यें हैदराबाद विजेतें ठरलें. मग तेथेंहि पगार थकले, मालक बदलले, आणि २०२५ सालीं संघ दिल्लीस जाऊन नवें नांव धारण करता झाला. अकरा वर्षांत एक जागा तीन शहरें फिरली. हा हक्क म्हणजे पूर्वींच्या जकातीच्या मक्त्यासारखा झाला: मक्तेदार बदलतो, नाका हलतो, आणि वाटसरूला कोणी विचारीत नाहीं.

येथें मालकांची बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. या धंद्यांत नफा दुर्मिळ. मैदान सरकारचें, म्हणून भाडें द्यावयाचें. तिकिटांचें उत्पन्न तुटपुंजें. लीगचें शुल्क, परदेशी खेळाडूंचे पगार, प्रवास हा खर्च दरसालचा. वर्षानुवर्षें कोट्यवधि रुपये ओतणाऱ्या गृहस्थास ‘आतां थांबूं नका’ असें म्हणण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्यास कोठून आला? हा आक्षेप खरा आहे. पण तो खरा असल्यानेंच रोग कोठें आहे तें दिसतें. जी संस्था एका खिशाच्या दयेवर चालते, तिला स्वतःची गंगाजळी नसते. मालकानें घातलेला पैसा खेळाडूंच्या पगारांत दर हंगामाला जिरतो. मैदान किंवा कायमचा निधि या रूपानें संघाच्या नांवावर कांहींच सांचत नाहीं. दान पुष्कळ, ठेव शून्य.

याच्या उलट चित्र कोल्हापुरांत पाहावें. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब यांच्यासारखे तेथील संघ पेठांचे आहेत. वर्गणीवर आणि पेठेंतील दात्यांवर त्यांचा गाडा चालतो. दाता गेला तर दुसरा उभा राहतो. संघ राहतोच, कारण पेठ राहते. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते, ती पाहून मोठ्या लीगच्या चालकांनीं हेवा करावा. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. दोषहि आहेत. पेठापेठांतील ईर्ष्या कधीं हातघाईवर येते. आणि देशाच्या मुख्य साखळी स्पर्धेंत यांपैकीं एकहि संघ पोंचलेला नाहीं. मालकाचा संघ उंच उडतो आणि कोसळतो. पेठेचा संघ उडत नाहीं, पण मरतहि नाहीं.

मग सभासदांची मालकी हेंच औषध काय? एवढ्यावर थांबलें तर उत्तर अपुरें राहील, आणि तें कां, हें साखरपट्ट्याला वेगळें सांगावयास नको. सहकारी कारखानाहि शेतकऱ्यांचाच असे; तरी महाराष्ट्रांत कित्येक सहकारी कारखाने कर्जांत बुडाले आणि बँकांनीं लिलावांत काढून खाजगी हातीं दिले. सभासदाच्या हातीं मत होतें, पण पांच वर्षांतून एकदां मत देऊन तो घरीं बसला आणि ताळेबंद त्यानें वाचला नाहीं. तथापि सहकाराच्या कायद्यांत दोन गोष्टी मोलाच्या आहेत: नफ्यांतील कांहीं भाग राखीव निधींत टाकावाच लागतो, आणि संस्था विसर्जित झाल्यास उरलेली शिल्लक सभासदांना वांटून घेतां येत नाहीं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें जें पूर्वीं शोधलें, तेंच आपल्या सहकाराच्या कायद्यानें वेगळ्या वाटेनें शोधलें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

जर्मनीनें १९९८ सालीं संघांना कंपन्या काढण्याची मुभा दिली, पण सामान्यतः निम्म्याहून अधिक मतें मूळ सभासद-संस्थेच्या हातीं राहिलींच पाहिजेत, अशी अट घातली. धनिकाचा पैसा येऊं द्यावा, पण मोडण्याचा व हलविण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हातीं नसावा, असा तो तोडगा. कलकत्त्याच्या मोहनबागान या १८८९ सालच्या क्लबानें २०२० सालीं फुटबॉलच्या कंपनींतील ऐंशी टक्के भाग एका उद्योगसमूहाला दिले. आर्थिक सत्ता गेली. तथापि जुना क्लब, त्याचे सभासद आणि त्याचे रंग कायम राहिले, आणि नांवामागें जोडलेलीं परकीं अक्षरें लोकांच्या आग्रहामुळें २०२३ सालीं गळालीं. जेथें क्लब आधीं आणि मालक मागाहून आला, तेथें लोकांच्या बोलण्याला वजन राहिलें. पुण्यांत बहुतेक मालकच आधीं आले होते. क्लब असा जन्मलाच नव्हता. आणि जेथें तो होता, त्या शिवाजीयन्सनेंहि आश्रयदात्याच्या खिशाहून वेगळी ठेव कधीं बांधली नाहीं.

उद्यां महाराष्ट्रांत कोणी नवा संघ काढील, आणि काढावाच. बारामतीची किंवा इंदापुराची मुलें त्याचे रंगीत अंगरखे घालून अंगणांत खेळतील, त्यांतला एखादा घरदार सोडून त्याच्या शाळेंत दाखल होईल. त्या मुलाच्या बापानें प्रशिक्षक परदेशी आहे काय, हें विचारण्याआधीं तीन साधे प्रश्न विचारावे: नांव कोणाच्या दप्तरीं नोंदलें आहे? शाळेचा निधि मालकाच्या धंद्यापासून वेगळा ठेवला आहे काय? आणि मालक थकला, तर संघ मोडण्यापूर्वीं कोणाची संमति लागते? उंसाची मोळी गाडींत टाकण्यापूर्वीं वजनकाट्याकडे नजर टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे प्रश्न अवघड वाटूं नयेत. पोर देण्यापूर्वीं तर ते विचारलेच पाहिजेत.