वठणे, वटणे, पटणे

नाटकातल्या माणसाला आपण ‘पात्र’ म्हणतो, पाण्याच्या भांड्यालाही पात्र म्हणतो आणि नदी जिच्यातून वाहते त्या जागेलाही. मूळ धातू ‘पा’, म्हणजे पिणे. त्याला साधन दाखवणारा ‘त्र’ लागला की पिण्याचे साधन ते पात्र. ज्यात काही घालावे असे ते पात्र, म्हणून ज्याला दान द्यावे तोही सुपात्र, इथपर्यंतचा प्रवास सरळ दिसतो. पण भांडे रंगभूमीवर कसे चढले? एक उत्तर अभिनवगुप्ताने दिले आहे. हजारएक वर्षांपूर्वीचा हा काश्मिरी पंडित नाट्यशास्त्रावरच्या टीकेत म्हणतो, की रसाचा आस्वाद नटात शोधू नये. मद्याची चव काही प्याल्याला लागत नाही, म्हणूनच नटाला पात्र म्हणतात. व्युत्पत्ती म्हणून हे मागाहून सुचलेले असावे, पण इतकी देखणी व्युत्पत्ती खोटी ठरली तरी टाकवत नाही.

‘भूमिके’चे मूळ त्यामानाने उघड आहे. भूमी, तिच्यावरून भूमिका: उभे राहायची जागा, मजला, पायरी. वेदान्तात ज्ञानाच्या सात भूमिका, ग्रंथाच्या आरंभी लेखकाची भूमिका, आणि वर्तमानपत्रात रोज कुठल्या ना कुठल्या पक्षाची. नाटकातला अर्थही जुनाच. ‘विक्रमोर्वशीया’च्या तिसऱ्या अंकारंभी भरतमुनींचे दोन शिष्य स्वर्गात झालेल्या प्रयोगाची हकिगत बोलतात. उर्वशी लक्ष्मीच्या भूमिकेत, मेनका वारुणीच्या. वारुणी विचारते, तुझे मन कुणावर बसले आहे? उत्तर द्यायचे होते ‘पुरुषोत्तम’. उर्वशीच्या तोंडून निघाले ‘पुरूरवा’. दोन्ही नावे ‘पुरु’नेच सुरू होतात, जीभ घसरायला कालिदासाने नेमकी तिथेच जागा ठेवलेली दिसते. भरताने तिला शाप दिला. मला इथे मोह पडतो तो कालिदासाच्या शब्दयोजनेचा. उर्वशी लक्ष्मीच्या भूमिकेत ‘वर्तमान’ होती, असे तो लिहितो. भूमिका ‘करायची’ नसते, तिच्यात असायचे असते. ‘वर्तमान’मागच्या ‘वृत्’ धातूकडे पुढे यावे लागेल.

‘अभिनय’ शब्दाची फोड खुद्द नाट्यशास्त्रातच आहे: अभि म्हणजे कडे, नी म्हणजे नेणे. नाटकाचा अर्थ प्रेक्षकाकडे नेतो तो अभिनय. आता शेजारी अरबी ‘नक्ल’ ठेवून पाहा. तिचाही मूळ अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणे, आणि त्यावरून उतरवून घेणे. फारसीमार्गे ती आपल्याकडे ‘नक्कल’ झाली. जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला त्याच्या वाट्याची भाषणे उतरवून देत, त्या कागदांनाही नक्कलच म्हणत. ‘नक्कल चोख पाठ आहे’ ही तेव्हा शाबासकी होती. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांना या कलेत आधी ‘वाहून नेणे’च दिसावे, हा योगायोग सुखावणारा आहे. फरक दिशेचा. नक्कल मुळाकडून निघते, अभिनय समोरच्याकडे जातो.

म्हणूनच ‘हुबेहूब’ ही दाद मला नक्कलेच्या घरची वाटते. अरबी ‘हू’ म्हणजे तो; ‘हू-ब-हू’ म्हणजे तोच तो. शेवटचा ‘ब’ मराठीने आपल्या कानासाठी जोडला असावा. पण हुबेहूब म्हणायला ‘तो’ आधी पाहिलेला हवा. 1970 साली शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले, श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले. हा गणपतराव त्याआधी कुणी पाहिला होता? मुळात नसलेल्या माणसाला हुबेहूब म्हणता येत नाही. तिथे मराठी म्हणते, भूमिका वठली.

या ‘वठणे’चे मूळ काय? वठलेले झाड म्हणजे वाळलेले. तो धातू निराळा असावा. ‘वठणीवर आणणे’ मात्र आपल्या वठण्याचे सख्खे दिसते: नीट उतरणे, हवे तसे घडणे. ‘वृत्’पासून ‘वट्ट’ होते, पण ‘ठ’ होत नाही. ‘दृष्ट’चे ‘दिठ्ठ’ होते तसा ‘ष्ट’ किंवा ‘स्थ’ मागे हवा. मग उर्वशीच्या ‘वर्तमान’शी नाते सांगायला ‘वटणे’च अधिक जवळचे. हुंडी वटते, धनादेश वटतो, व्यापाऱ्याच्या वहीत वटाव पडतो. उच्चार इतके शेजारी, की भूमिका ‘वटवली’ आणि धनादेश ‘वठला’ असे कित्येकदा छापलेले सापडते. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हे चूकच, पण अर्थाच्या दृष्टीने ही चूक मोठी शहाणी आहे. आणि तिसरा सोबती ‘पटणे’: हुंडीही पटते, पात्रही पटते.

नरसी मेहतांची गोष्ट आठवा. महिपतींनी 1762 च्या ‘भक्तविजया’त मराठी घराघरांत पोचवलेल्या संतकथांपैकी ती एक. नरसींनी यात्रेकरूंना द्वारकेच्या शामळशा सावकारावर हुंडी लिहून दिली. त्या नावाचा सावकार द्वारकेत नव्हता. शेवटी देवाने शामळशा होऊन हुंडी पटवली. लेखकाने कागदावर लिहिलेला माणूस जगात वठल्याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. पात्र लिहिणाराही अशीच हुंडी लिहितो, नट तिचा सावकार होऊन येतो. पैसे मोजून मिळाले की यात्रेकरू शामळशाची वंशावळ विचारत नाहीत.

‘वठणे’तला तो ‘ठ’ मात्र सुटलेला नाही. कोकणात दशावताराचे सोंग, जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे सोंग, बहुरूप्याचे सोंग चांगले झाले की तुमच्याकडे काय म्हणतात: वठले, लागले, उतरले की आणखी काही? गावाच्या नावासह जरूर कळवा. अशाच एखाद्या बोलीत त्या ‘ठ’चा माग लागेल.