भात-भाकरी बंद असलेल्यांसाठी स्लो कुकरमधलं चिकन : सगळ्या घराचं एकच भांडं

जून-जुलैत मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याच्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि रत्नागिरीतल्या आपल्या घरांत चिकनच्या फेऱ्या वाढतात. त्यातच घरातल्या कुणी ‘होल फूड’ डाएट धरलं असेल, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईची खरी पंचाईत होते. एकाचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं, असं दोन्ही वेळ रांधायचं म्हणजे आठवड्यात दमछाक. हे टाळता येतं, असं आमचं मत आहे. सालन एकच करायचं आणि ते सगळ्यांनी खायचं. फरक फक्त ताटातल्या भाताचा, रोटीचा.

या डाएटचे अनेक प्रकार आहेत. त्यातलं सगळ्यात कडक आणि सगळ्यात गाजलेलं ‘होल थर्टी’ 2009 मध्ये अमेरिकेत मेलिसा आणि डॅलस हार्टविग यांनी सुरू केलं. 30 दिवस धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, दूध-दही-चीज नाही, साखर, गूळ, मध नाही, दारू तर स्वयंपाकातही नाही. आता उरतं ते पाहा : गोश्त, चिकन, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा, नारळ, बटाटा-रताळं आणि तूप. दूध चालत नाही पण तूप चालतं, कारण त्यातला दुधाचा घन भाग निघून गेलेला असतो. शेंगदाणा मात्र कडधान्यात मोडतो, म्हणून तोही बंद. यादी परदेशातली असली तरी तिच्यातलं बरंचसं आपल्या परसात आणि बाजारात आहे. बदामाचं पीठ किंवा डबाबंद नारळाचं दूध मागवण्यात पैसे घालवायची काहीच गरज नाही.

फसगत होते ती छोट्या गोष्टींत. बाजारातल्या हिंगाच्या डबीत बहुतेक वेळा मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. सूपच्या पाकिटात साखर आणि कॉर्नफ्लोअर असतं. शिवाय परदेशी स्टॉक क्यूब हलाल आहे की नाही, हा प्रश्न वेगळाच. घरचा लाल मसाला चालतो, पण तो करताना त्यात डाळ किंवा धणे-तांदूळ भाजून घातलेत का, ते ज्यांनी केला त्यांनाच विचारून घ्या. चिकन नेहमीच्या कसायाकडून हाडांसकट, मोठे तुकडे करून घ्यावं. बोनलेस ब्रेस्ट या भांड्यात कोरडं आणि भुसभुशीत होतं, त्यापेक्षा तंगडी आणि मांडी बरी.

भांडं कसं चालतं

स्लो कुकर म्हणजे विजेवर तापणाऱ्या आवरणात बसवलेलं जाड चिनीमातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. प्रेशर नाही, शिट्टी नाही. अमेरिकेत 1971 पासून ‘क्रॉक-पॉट’ नावाने तो घरोघर पोचला. कल्पना मात्र जुनीच. निखाऱ्यांवर ठेवलेली आपली हंडी किंवा रायगडात थंडीत लावतात ती पोपटी, हे याचेच भाऊबंद.

‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्हींत अन्न शेवटी जवळपास सारखंच तापतं, फक्त ‘लो’वर तिथे पोचायला जास्त वेळ लागतो. ब्रॉयलर कोंबडी हाडांसकट ‘लो’वर 4 ते 5 तासांत होते. गावठी कोंबडीला 7-8 तास द्या. तिची खरी चव इथेच उतरते, असं आम्हांला वाटतं. भांडं निम्म्यापेक्षा कमी किंवा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. झाकण उघडून बघायचा मोह आवरावा लागतो, कारण एकदा उघडलं की 20-30 मिनिटं वाढली. वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे पाणी नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. कांदा यात लाल होत नाही, नुसता शिजतो. म्हणून तो आधी तव्यावर परतून घ्यायलाच हवा. हे टाळलं की सालन फिकं होतं आणि दोष बिचाऱ्या भांड्यावर येतो.

साडेतीन लिटरचा कुकर साधारण 200 वॅटचा असतो. 6 तासांत सव्वा युनिटही जळत नाही. पण आपल्याकडे प्रश्न युनिटचा नाही, दाबाचा आहे. वाडीत संध्याकाळी व्होल्टेज 230 वरून 190 वर आलं, तर कुकरची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटते आणि चिकन तासन्‌तास कोमटच राहतं. म्हणून पहिला तास ‘हाय’वर ठेवून मग ‘लो’ करावा. आखातातून आणलेल्या कुकरचा फक्त प्लग बदलावा लागतो, पण अमेरिकेतून किंवा सौदीतून आणलेला असेल तर खालची पट्टी वाचा. 110 किंवा 120 व्होल्टचा कुकर आपल्या बोर्डात लावला तर जळेल.

नारळाच्या रसातलं कोकम घातलेलं चिकन

एक किलो चिकनला तीन मध्यम कांदे, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा लाल मसाला, पाच-सहा कोकमं आणि एक नारळ. दोन मोठे चमचे खोबरेल तेलात कांदा तांबूस परतावा, त्यात आलं-लसणाचं वाटण आणि मसाला घालून तेल सुटेपर्यंत हलवावं. हे कुकरमध्ये घालून वर चिकन, कोकम आणि नारळाचा दुसरा, पातळ रस अर्धी वाटी. एक तास ‘हाय’, मग साडेतीन तास ‘लो’. पहिला, घट्ट रस मात्र अगदी शेवटी, कुकर ‘वॉर्म’वर आणून घालायचा. सुरुवातीलाच घातला तर कोकमाच्या आंबटाने आणि लांबच्या आचेने तो फुटतो. कोकम खारवलेलं असतं, म्हणून मीठ चाखून नंतर घालावं. आवडत असेल तर चार तिरफळं ठेचून टाका, वाढताना काढून ठेवा.

याच पद्धतीने लाल मसाल्याऐवजी कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण आणि ओल्या खोबऱ्याचं हिरवं वाटण चालतं. निम्मं वाटण आधी आणि निम्मं शेवटच्या अर्ध्या तासात घातलं, तर रंग टिकतो.

सुरण घातलेलं चिकन पोट भरणारं. भाताविना ज्यांना जेवल्यासारखं वाटत नाही त्यांच्यासाठी हेच योग्य. पाव किलो सुरण हाताला तेल लावून चिरायचं, खाज जावी म्हणून कोकमाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं आणि भांड्याच्या तळाशी घालायचं, कारण कंद चिकनपेक्षा उशिरा शिजतात. सुरणाऐवजी रताळं, कच्चं केळं किंवा नीरफणसही चालतो. नीरफणस लवकर मऊ होतो, तो शेवटच्या दोन तासांत घालावा.

यखनीला तर काहीच लागत नाही. मानेचे-पाठीचे तुकडे, अख्खा कांदा, काळी मिरी, दालचिनी, दोन लवंगा, मीठ, बुडेल एवढं पाणी. ‘लो’वर आठ तास. आजाऱ्याला, बाळंतिणीला, सहरीला, कधीही उपयोगी. रमजानमध्ये जोहरच्या सुमारास कुकर लावला की इफ्तारला तयार. पण रोजे आणि 30 दिवसांचं हे डाएट एकत्र सुरू करू नये, एका वेळी एकच पुरे.

शुगरची गोळी चालू असेल तर

हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरांत मधुमेहाची औषधं घेणारं कुणी ना कुणी असतंच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी अचानक बंद केली आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. थरथर, घाम, चक्कर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, डाएट मोडलं का ते मागाहून बघावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. डोस कमी करायचा का, हे डाएट सुरू होण्याआधी डॉक्टरांनी ठरवायचं असतं, शेजाऱ्यांनी किंवा व्हिडिओने नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना बटाटा-सुरण, शहाळं आणि जास्त प्रथिनं झेपतीलच असं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी या वाटेला जाऊ नये. हे डाएट कुठल्याही आजारावरचा इलाज नाही.

दूध बंद केलं तर कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला, तीळ आणि काट्यांसकट खाता येणारी छोटी मासळी ताटात हवी.

वीज गेली तर

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस अंधार होता. एरवीही पावसात लाइट जाणं नवं नाही. घरात असाल तर वीज जाताच चिकन पातेल्यात काढून गॅसवर उकळी आणा आणि तिथेच पूर्ण शिजवा. बाहेरून आल्यावर घड्याळ बंद पडलेलं दिसलं आणि वीज किती वेळ नव्हती हे कळत नसेल, तर ते चिकन शिजल्यासारखं दिसलं तरी टाकून द्यावं. कोमट चिकनमध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि काहींचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. जीवावर येतं, पण तेच बरोबर. फ्रीजरमधलं गोठलेलं चिकन थेट कुकरमध्ये घालू नये, ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावं. थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात 74 अंश सेल्सिअस दिसायला हवं.

कुकर नाही म्हणून अडायचं कारण नाही. जाड बुडाच्या पातेल्यात सालनाला एकदा उकळी आणा, पातेलं तव्यावर ठेवा, झाकण कणकेने बंद करा आणि गॅस अगदी बारीक करून सव्वा तास द्या. कणकेची कड खायची नाही, तेव्हा डाएटला बाधा नाही. पाणी थोडं जास्त लागेल इतकंच. उरलेलं सालन दोन तासांच्या आत पसरट भांड्यात ओतून फ्रीजमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी ते गॅसवर खदखदून गरम करा, स्लो कुकरमध्ये नको, तो तापायला फार वेळ घेतो.