डाग कोणी पाडले?

घरी रोल धुणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ फोटो काढण्यात जातो आणि निम्मा डागांचा तपास लावण्यात! निगेटिव्ह वाळल्यावर थेंबाचा गोल डाग राहिला, तर दोष पाण्यातल्या क्षारांचा. बारीक पारदर्शक टिकल्या दिसल्या, तर डेव्हलपर ओतताना हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटून बसले होते. कडेने काळपटपणा आला, तर कॅमेऱ्यात कुठून तरी उजेड शिरतोय. एकेक संशयित वगळत जायचं, उरेल तो चोर. रीत साधीच आहे, पण याच रीतीने अमेरिकेत एकदा थेट अणुबॉम्बचा माग लागला होता.

१९४५ सालची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी कोडॅकचं मुख्य ठाणं. त्यांच्या एक्स-रे फिल्मवर धुतल्यानंतर काळे ठिपके उमटू लागले, तेही पाकीट न फोडलेल्या, कोऱ्या फिल्मवर. तपास आला ज्युलियन वेब या कोडॅकच्या भौतिकशास्त्रज्ञाकडे.

पहिला संशय रेडियमवर जाणं साहजिक होतं, कारण त्याच्यावर आधीचा गुन्हा नोंदलेला होता. युद्धकाळात विमानातल्या उपकरणांच्या तबकड्या अंधारात दिसाव्यात म्हणून त्यांना रेडियमचा रंग देत. अशा कारखान्यांतली रद्दी फिरून पुठ्ठ्यात आली, की त्या पुठ्ठ्यात बांधलेली फिल्म खराब होई. म्हणून कोडॅकने वेष्टनाचा पुठ्ठा कच्च्या मालावर नजर ठेवता येईल अशाच गिरण्यांतून घ्यायला सुरुवात केली होती. आणि तरीही ठिपके!

वेबने फिल्मच्या पाकिटातला पुठ्ठा तपासला. तो इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्सच्या गिरणीत, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, पेंढ्यापासून बनवलेला होता. त्यातून बीटा किरण निघत होते, पण रेडियम असतं तर जे अल्फा कण दिसायला हवे होते, ते जवळजवळ नव्हतेच. शिवाय या पुठ्ठ्याचा जोर महिन्याभरात निम्म्यावर येत होता, आणि रेडियमला निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. म्हणजे रेडियम सुटलं. ही लक्षणं जुळत होती सिरियम-१४१ शी. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३२ दिवस, आणि ते तयार होतं युरेनियम किंवा प्लुटोनियमच्या अणूचे तुकडे झाल्यावर.

६ ऑगस्ट म्हणजे हिरोशिमाचा दिवस. पण तिथली धूळ त्याच दिवशी इंडियानात पोचणं शक्य नव्हतं. मग राहिला त्याआधीचा एकच स्फोट. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेली पहिली चाचणी, ट्रिनिटी. तेव्हा आसपासच्या लोकांना ‘दारूगोळ्याचं कोठार उडालं’ असं सांगितलं होतं. तिथली धूळ वाऱ्याने सुमारे १,८०० किलोमीटर आली, पावसाबरोबर वाबाश नदीत उतरली आणि नदीच्या पाण्याबरोबर गिरणीत शिरली. आयोवा राज्यातल्या टामा गावच्या गिरणीतला पुठ्ठाही असाच बाधित निघाला. वेबने हे सगळं १९४९ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात मांडलं.

इथवर ही एक झकास हेरकथा. पुढचा भाग मात्र तितका मजेचा नाही.

जानेवारी १९५१ मध्ये नेव्हाडात चाचण्या सुरू झाल्या, आणि दोन-तीन दिवसांत रॉचेस्टरला पडलेला बर्फ किरणोत्सारी निघाला. कोडॅकने अणुऊर्जा आयोगाकडे तक्रार केली, दाव्याचीही धमकी दिली. तडजोड अशी झाली, की यापुढे चाचण्यांची आणि धूळ कुठे पडेल याच्या अंदाजाची माहिती फोटोग्राफी उद्योगाला आगाऊ द्यायची. कारखाना सावध झाला, फिल्म वाचली.

पण तीच धूळ गवतावर पडत होती. गवत गाईच्या पोटात, तिथून आयोडीन-१३१ दुधात, आणि दुधातून लहान मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत. याचं अर्धायुष्य अवघं ८ दिवसांचं. म्हणजे वेळीच कोणी सांगितलं असतं, तर काही आठवडे मुलांना ताज्या दुधाऐवजी दुधाची पावडर देऊन बराचसा धोका टळला असता. गवळ्यांना आणि आयांना मात्र तशी आगाऊ सूचना नव्हती. १९९७ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेने नेव्हाडातल्या चाचण्यांच्या आयोडीनचा देशभरचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा सिनेटमध्ये हाच प्रश्न निघाला: फिल्मवाल्यांना सांगता आलं, ते लोकांना का नाही?

याचं उत्तर मला तरी त्या ठिपक्यांतच दिसतं. बिघडलेली फिल्म आठवड्याभरात दिसते, तिची किंमत बिलात मांडता येते आणि तिच्यामागे वकील उभे राहतात. मुलाच्या गळ्यातली गाठ दिसायला वीस वर्षं लागतात, आणि ती कुठल्या धुळीने आली हे एकेकट्या रोग्याला सिद्ध करता येत नाही. नेव्हाडाच्या चाचण्यांची झळ लागलेल्यांसाठी भरपाईचा कायदा १९९० मध्ये झाला. त्यात ट्रिनिटीच्या आसपासची न्यू मेक्सिकोतली माणसं नव्हती. त्यांचा समावेश झाला जुलै २०२५ मध्ये, म्हणजे पुठ्ठ्याने साक्ष दिल्यानंतर तब्बल ८० वर्षांनी.